पिकअपचा मागचा ब्रेक धरून राहतो का?

भाजी उतरवून परतल्यावर पिकअपच्या मागच्या ड्रमजवळ हात धरून पाहावा. स्पर्श करू नये. फार तापला असल्यास ब्रेक पूर्ण सुटत नाही. जादा डिझेल जाते ते जाते, पण ब्रेक ऑईल उकळले तर उतारावर पेडल तळाला जाते.

ड्रम गार झाल्यावर पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागचे चाक उचलून खाली ठोकळा द्यावा. गिअर न्यूट्रल करून, हँडब्रेक सोडून चाक फिरवावे. जड असल्यास हँडब्रेकची केबल ढिली करावी. लगेच सुटले तर केबल गंजली किंवा जास्त ताणली आहे. शेणखत वाहणाऱ्या गाडीत बहुधा हेच निघते. न सुटल्यास व्हील सिलिंडर किंवा शू अडकला असेल. दोन्ही चाके धरत असतील तर ब्रेकचा होजही तपासून घ्यावा. सिलिंडरच्या रबरांना डिझेल वा ग्रीस लावू देऊ नये; ती फुगतात आणि ब्रेक पुन्हा धरतो.