‘नको’ म्हणणारी मैत्रीण

शनिवारी पहाटे साडेपाचला पनवेलच्या एका टपरीवर आम्ही सहाजणी चहा घेत उभ्या होतो. पाच मोटरसायकली, सहा हेल्मेटं आणि पाऊस असा, की ग्लासातला चहा संपता संपेना! टपरीवाल्याने दोनदा गाड्यांकडे बघितलं, दोनदा आमच्याकडे. शेवटी न राहवून विचारलं, ‘‘जेंट्स लोक मागून येतायत का?’’

‘‘नाही हो दादा, एवढ्याच!’’

सगळ्यात धाकटी अठ्ठावीसची, थोरली छप्पन्नची. एक बँकेत, एक शाळेत, एकीचं ब्युटी पार्लर आणि मी घरून काम करणारी. उरलेल्या दोघी सख्ख्या नणंद-भावजया. भावजय चालवणार, नणंद मागे बसणार. जायचं होतं पेणवरून रोह्याला, म्हणजे नणंदेच्या माहेरी आणि भावजयीच्या सासरी! लेकीला मोटरसायकलवर मागे बसवून भर पावसात सून घरी येणार, हे सासूबाईंना कळवलेलं होतं. त्या फोनवर फक्त ‘‘बरं’’ म्हणाल्या होत्या. त्या ‘बरं’चा अर्थ लावता लावता भावजयीची झोप उडाली होती.

बायकांनी मोटरसायकल चालवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पुण्यात २०११ साली ‘बायकर्नी’ हा महिला मोटरसायकलस्वारांचा गट सुरू झाला. पुढे तो देशभर पसरला आणि अनेकजणींना हुरूप आला. पण घरातलं वातावरण अजून तितकंसं बदललेलं नाही. निघताना प्रत्येकीला काही ना काही ऐकावं लागलं होतंच. ‘‘पावसातच जायला हवं का?’’ ‘‘त्यापेक्षा गाडी करून जा ना!’’ माझ्या मुलाने तर ‘‘पडलीस तर मला फोन करू नकोस,’’ असं हसत हसत सुनावलं. चेष्टाच ती, पण डोक्यात राहिली.

आमचे नियम साधे. पुढे भावजय, कारण तिला रस्ता पाठ. तिच्या मागे आमच्या बाई, म्हणजे शाळेतली मैत्रीण. एकोणपन्नासाव्या वर्षी त्या मोटरसायकल शिकल्या. ज्या व्यक्तीला सवय कमी, तिला शेवटी नाही ठेवायचं. दुसऱ्या नंबरवर ठेवायचं आणि तिच्या वेगाने सगळ्यांनी जायचं. सगळ्यात मागे बँकवाली, कारण तिचा हात पक्का. एकामागे एक सरळ रांग न करता जरा डावी-उजवी जागा सोडायची, म्हणजे पुढचीने ब्रेक मारला तरी मागचीला वाट राहते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी पत्रे पावसात साबणासारखे होतात, त्यावर ब्रेक लावायचा नाही. आणखी एक नियम फक्त बायकांना कळेल असा : पाणी प्यायचंच! वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आपण सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाही. मग डोकं दुखतं आणि रस्त्यावरचं लक्ष उडतं. म्हणून कुठे थांबायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

मुंबई-गोवा महामार्गाच्या या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. पावसात तिथले खड्डे किती वाईट, हे कोकणातल्या कुठल्याही चाकरमान्याला विचारा! पाण्याने भरलेला खड्डा डबक्यासारखाच दिसतो, खोली कळत नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईची एक बायकर अशीच ग्रुपबरोबर पावसात जव्हारकडे निघाली होती. खड्ड्यात तोल जाऊन ती पडली आणि ट्रकखाली सापडून गेली. ती काही नवखी नव्हती. त्या दिवसापासून मी डबकं दिसलं की वळसा घालते, वळसा घालायला जागा नसेल तर वेग कमी करते.

पेणला पोहे खाऊन जवळच्या गणपतीच्या कारखान्यात डोकावलो. जुलैत तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. पेणबरोबर हमरापूर, जोहे या आसपासच्या गावांतूनही मूर्ती दूरदूर जातात. ओळीने मांडलेल्या मूर्तींमध्ये बसून एक बाई रंगाचा हात देत होत्या. म्हणाल्या, ‘‘शाडू या हवेत लवकर सुकत नाही. घाई केली की पोपडे निघतात.’’

वडखळ मागे पडलं, नागोठण्याला अंबा नदी दिसली. मातकट, फुगलेली. जुलै १९८९ च्या पुरात याच अंबेने नागोठणे आणि जांभूळपाड्यात हाहाकार केला होता, कित्येक माणसं गेली. पुढे भिसे खिंडीत ढग रस्त्यावरच उतरले होते. दिवे लावून, वीसच्या वेगाने, एकमेकींच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून खिंड उतरलो आणि रोह्यात शिरलो. सासूबाई दारातच उभ्या! त्यांनी आधी लेकीकडे बघितलं, मग सुनेकडे आणि म्हणाल्या, ‘‘आधी डोकी पुसा.’’

रविवारी आतल्या एका गावाजवळचा धबधबा बघायचं ठरलं होतं. वाटेत एक ओढा आणि त्यावर बिनकठड्याचा फरशी पूल. पोचलो तर पाणी पुलावरून वाहत होतं. फार नाही, घोट्याच्या वर असेल. पण पाणी गढूळ, फरशीची कड दिसत नव्हती. आमच्यासमोर चार-पाच मुलं बाईकवरून हुर्यो करत पलीकडे गेली आणि तिथून हात हलवायला लागली, ‘‘या, या, काही होत नाही!’’

आम्ही गाड्या उभ्या केल्या. कुणी काही बोलेना. धाकटीने गिअर टाकला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘‘मला नाही जमणार. मी नको म्हणते.’’

क्षणभर मला, खरं सांगते, त्यांचा राग आला. एवढं शंभर किलोमीटर भिजत यायचं आणि इथून परतायचं? पण नियम म्हणजे नियम. गाड्या वळवल्या.

पुढे पूर आला, पूल वाहून गेला, असं काहीही झालं नाही. ती मुलं तासाभराने गावातून जाताना दिसलीसुद्धा. कदाचित आम्हीही सुखरूप गेलो असतो. पण वेगाने वाहणारं सहा इंच पाणीसुद्धा उभ्या माणसाचे पाय उचलू शकतं, फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगते. ‘कदाचित’वर पाच गाड्या कशा घालायच्या?

रात्रीची भाकरी खाताना गोष्ट निघाली. भावजय म्हणाली, ‘‘मलाही नकोच वाटत होतं. पण घाबरले असं आईंना कसं सांगू?’’ पार्लरवाली म्हणाली, ‘‘मला नवऱ्याचं ‘मी सांगितलं होतं’ ऐकायचं नव्हतं.’’ धाकटीनेही कबूल केलं, की गिअर टाकताना पोटात गोळा आला होता. म्हणजे सहापैकी निदान चौघींना परत फिरायचं होतं, आणि तसं बोलली ती एकटी! पुरुषांच्या ग्रुपमध्येही असं होत असेल. पण आपल्या डोक्यावर एक जास्तीचं ओझं असतं : काही झालं तर ‘बायकांना जमत नाही’ यावर शिक्का बसेल. ते खोटं पाडायला निघालेल्या आम्ही, त्या हट्टापायी भलतं धाडस करायला निघालो होतो.

सासूबाई इतका वेळ चुलीशी होत्या. भाकरी ताटात टाकत म्हणाल्या, ‘‘आमच्या वेळी नदीला पाणी आलं की एस. टी. अलीकडेच उभी राहायची. दोन-दोन तास. ड्रायव्हरला कुणी भित्रा नाही म्हटलं.’’ मग सुनेकडे वळून, ‘‘तू आज नीट आणलंस हो तिला.’’

त्या ‘बरं’चा अर्थ तेव्हा कळला.

सोमवारी सुट्टी काढलेली होती, म्हणून सकाळी उजेडात निघालो. त्याआधी ओट्यावर बसून नियमांत एक भर घातली : सहापैकी एकीनेही ‘नको’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. कारण विचारायचं नाही आणि नंतर चिडवायचंही नाही.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, ‘‘काय, बघितला धबधबा?’’

‘‘नाही. परत फिरलो.’’

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी कुठे?’’

धबधबा राहिलाय अजून. ओढ्याचं पाणी उतरलं की जाऊ.