हिप-हॉप संगीत

हिप-हॉप संगीत : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात १९७० नंतरच्या दशकात, मुख्यत्वे कृष्णवर्णीय तरुणांमध्ये उदयास आलेला, तालबद्ध पठणावर आधारलेला संगीतप्रकार. या पठणास ‘रॅप’ म्हणतात. हिप-हॉप ही संज्ञा अधिक व्यापक असून तीत तबकड्या हाताळण्याचे कौशल्य, ब्रेक नृत्य व भित्तिलेखन यांचाही अंतर्भाव होतो. या संगीताला सुरावट असते किंवा नाही, हा त्यासंबंधीचा सर्वांत जुना वाद होय.

११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील सेज्विक ॲव्हेन्यूवरील एका इमारतीत झालेल्या नृत्यमेळाव्यापासून या प्रकाराचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. त्यातील तबकडीवादक कूल हर्क (क्लाइव्ह कॅम्बेल) हा मूळचा जमेकाचा. गीतात केवळ तालवाद्ये वाजत असतात त्या अल्प अवकाशात नर्तकांना अधिक चेव येतो, हे त्याने हेरले आणि एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती आळीपाळीने वाजवून तेवढाच तुकडा लांबविण्याची रीत रूढ केली. सुरावट गाळून ताल राखणे, ही या संगीताची आद्य कृती होय. ‘यात सूर नाही’ ही तक्रार त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

तथापि सुरावट फार काळ बाहेर राहिली नाही. शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ (१९७९) शीक या वृंदाच्या ‘गुड टाइम्स’मधील बेस गिटारच्या पायावर उभे आहे, आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’ने (१९८२) जर्मनीतील क्राफ्टवेर्कची धून उचलली. मात्र येथे सुरावट पुनरावृत्त होत राहते आणि विस्तार करतात ते शब्द. स्वतंत्र तबलावादनात सारंगी किंवा संवादिनीवरील नगमा आवर्तनामागून आवर्तन तसाच राहतो व जाणकाराचे लक्ष कायदा, रेला, तुकडा यांच्या बांधणीकडे असते. वादक बोलांची पढंत करतो तेव्हा तीत सूर किती, असे कोणी विचारत नाही. रॅप ऐकतानाही कान तेथेच लावावा लागतो. सॅक्सोफोन शिकलेल्या रकीम या गायकाने ‘पेड इन फुल’ (१९८७) या संग्रहात ओळीच्या पोटात यमके पेरून वाक्य समेपलीकडे नेण्याची जी शैली दाखविली, तिचे सौंदर्य स्वरलिपीत उतरत नाही.

रॅपच्या आवाजात चढउतार असतात. परंतु ते सप्तकातील निश्चित स्वरांवर स्थिरावत नाहीत. आर्नोल्ड शोनबर्गने ‘पिएरो ल्यूनेर’मध्ये (१९१२) असेच स्वराला स्पर्श करून लगेच सोडणारे उच्चारण योजिले होते, त्याला नवसंगीत म्हणून मान मिळाला. ब्राँक्सच्या गरीब मुलांच्या वाट्याला तो सहजी आला नाही, यामागे निव्वळ संगीतविचार होता असे मानणे कठीण आहे.

अभिरुची मोठ्या प्रमाणात सवयीने घडते. बोलिव्हियातील त्सिमाने जमातीविषयीच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पाश्चात्त्यांना गोड वाटणारे स्वरसंवाद व कर्कश वाटणारे विसंवाद त्या लोकांना सारखेच सुखद वाटल्याचे आढळले. पुढे लॉरिन हिल (१९९८), कान्ये वेस्ट (२००८) इत्यादींच्या संग्रहांत गायनाचे प्रमाण इतके वाढले, की मूळ आक्षेप बराचसा निकामी ठरला. केंड्रिक लमार याला २०१८ मध्ये संगीताचे पुलिट्झर पारितोषिक लाभले.

हा वाद केवळ रसिकांपुरता नव्हता. गिल्बर्ट ओसलिव्हन याच्या गीताचा अंश विनापरवाना वापरल्याबद्दल बिझ मार्की या रॅपगायकाविरुद्ध न्यूयॉर्कच्या संघ न्यायालयाने १९९१ मध्ये मनाई हुकूम दिला. तेव्हापासून जुन्या मुद्रिकांतील तुकडे वापरणे खर्चाचे झाले. रचनेचा हक्क प्रामुख्याने शब्द व सुरावट यांच्या कर्त्याकडे जातो. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधील (१९७०) ज्या तालखंडावर पुढे शेकडो रॅपगीते रचली गेली, तो वाजविणारा क्लाइड स्टबलफील्ड (मृत्यू २०१७) रचनाकार गणला गेला नाही आणि त्या तुकड्याचे मानधन त्याला जवळजवळ मिळालेच नाही.