सरासरीआड दडलेला ग्रामीण भाग : भोपाळ जिल्ह्याची भूरचना व लोकसंख्या

प्रस्तावना

महाराणा प्रताप नगर हा भोपाळ शहराचा प्रमुख व्यापारी भाग. लोक त्याला एम. पी. नगर म्हणतात. झोन एक आणि झोन दोन या त्याच्या दोन विभागांत बँका, कार्यालये, दुकाने आणि स्पर्धा परीक्षांचे शिकवणी वर्ग दाटीने वसलेले आहेत. भोपाळ जिल्हा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असेच चित्र येते. परंतु जिल्ह्याची बहुतांश जमीन शेतीची, रानाची आणि खेड्यांची आहे. जिल्ह्याचे आकडे वाचताना हा ग्रामीण भाग नजरेआड कसा होतो आणि तो पुन्हा कसा शोधावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूरचना व हवामान

भोपाळ जिल्हा माळव्याच्या पठारावर, त्याच्या पूर्व कडेला आहे. क्षेत्रफळ २,७७२ चौ. कि.मी. असून शहराची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५०० मीटर आहे. शहर व त्याच्या दक्षिणेकडील भागात विंध्य समूहातील वालुकाश्माच्या टेकड्या दिसतात. सखल भागात बेसाल्ट खडकाच्या विघटनातून तयार झालेली काळी माती आहे. महाराष्ट्रातील वाचकाला ही माती परकी वाटणार नाही, कारण दख्खनच्या पठारावरील काळी जमीन ज्या लाव्हा थरांपासून बनली त्यांचाच विस्तार येथवर पोहोचला आहे.

कर्कवृत्त याच जिल्ह्यातून जाते. भोपाळ शहर त्याच्या दक्षिणेस, तर सुमारे ४० कि.मी. अंतरावरील बेरसिया हे तहसिलीचे गाव उत्तरेस आहे. वार्षिक पर्जन्यमान सुमारे १,१०० मि.मी. असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत गहू व हरभरा ही रब्बी पिके पूर्वापार घेतली जातात. पूर्वी पावसाळ्यात यांतील बरीच जमीन पडीक ठेवली जात असे. १९७० नंतरच्या दशकांत तेथे सोयाबीन आले आणि खरीप हंगामाचे रूप पालटले.

जलव्यवस्था

जिल्ह्यातील बहुतेक नद्या उत्तर व पूर्व दिशांना वाहतात. कलियासोत व हलाली या बेतवेला मिळतात, तर बेरसियाच्या पश्चिमेकडील पार्वती चंबळेला जाते. बेतवा आणि चंबळ या दोन्ही नद्यांचे पाणी अखेर यमुनेत पोहोचते.

शहर आणि खेडे यांचे नाते पाण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. भोपाळचा मोठा तलाव कोलांस नदी अडवून तयार झाला. परंपरेने त्याचे श्रेय अकराव्या शतकातील राजा भोज याला दिले जाते. २००२ मध्ये या तलावाचा समावेश 'भोज पाणथळ' या नावाने रामसर यादीत झाला. तलाव शहराच्या कडेला असला तरी सुमारे ३६१ चौ. कि.मी.चे त्याचे पाणलोट क्षेत्र मुख्यतः ग्रामीण आहे आणि त्याचा काही भाग शेजारच्या सिहोर जिल्ह्यात मोडतो. तेथील शेतातील माती व खते पावसाबरोबर तलावात उतरतात. म्हणजे शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न शहराच्या हद्दीत सुटणारा नाही.

प्रशासकीय इतिहास

बेरसियाचा इतिहास भोपाळ संस्थानापेक्षा जुना आहे. दोस्त मोहम्मद खान याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी प्रथम बेरसियाचा परगणा मक्त्याने घेतला व तेथून आपली सत्ता वाढवली. पुढे हा परगणा धारच्या पवारांकडे गेला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो धारकडून काढून घेतला आणि १८६० मध्ये नवाब सिकंदर बेगम यांना दिला. १९५६ मध्ये भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तरी स्वतंत्र जिल्हा होण्यास १९७२ उजाडले. तोपर्यंत राजधानीचे शहर सिहोर जिल्ह्यात होते.

लोकसंख्या : आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २३,७१,०६१ होती. २००१ मध्ये ती १८,४३,५१० होती. दर हजार पुरुषांमागे ९१८ स्त्रिया होत्या. साक्षरता ८०.३७ टक्के होती; त्यात पुरुष ८५.४२ व स्त्रिया ७४.८७ टक्के. जवळजवळ ८१ टक्के लोक नागरी भागात राहत होते.

घनता दर चौ. कि.मी.ला ८५५ अशी नोंदली गेली. हा आकडा गणिताने बरोबर आहे, पण अशी वस्ती असलेले गाव जिल्ह्यात सहजी सापडणार नाही. महानगरपालिकेची लोकसंख्या १७,९८,२१८ होती आणि तिचे त्या वेळचे क्षेत्र सुमारे २८५ चौ. कि.मी. होते. म्हणजे शहराची घनता सुमारे ६,३०० येते. उरलेले ५,७२,८४३ लोक सुमारे २,४८७ चौ. कि.मी.वर राहत होते, म्हणजे घनता सुमारे २३०. संपूर्ण मध्य प्रदेशाची घनता २३६ होती. शहर वगळले की राजधानीचा जिल्हा राज्यातील कोणत्याही सर्वसाधारण जिल्ह्यासारखा दिसू लागतो.

साक्षरतेलाही हाच विचार लागू पडतो. मोजलेल्या पाच व्यक्तींपैकी चार शहरी असतील, तर जिल्ह्याची टक्केवारी मुख्यतः शहराचीच असते. 'प्रगत जिल्हा' या शिक्क्याखाली खेड्यातील शाळेची, वसतिगृहाची किंवा मुलींच्या प्रवासाची गरज कागदावर कमी दिसते. ग्रामीण भागातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याचे मूल्यमापनही नकळत याच सरासरीने होण्याचा धोका असतो.

अध्यापनातील उपयोग

वरील वजाबाकी व भागाकार कोणत्याही वर्गात करून घेता येईल. नागपूर जिल्ह्याची २०११ मधील घनता ४७० होती. तीही महानगर आणि तालुके यांची मिळून काढलेली सरासरी आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातील मोठे शहर वगळून हेच गणित मांडावे आणि आलेले उत्तर आपल्या गावाशी ताडून पाहावे.

मात्र एक दक्षता आवश्यक आहे. २०१४ मध्ये कोलार नगरपालिका भोपाळ महानगरपालिकेत विलीन झाली व शहराची हद्द वाढली. येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. तिचे आकडे आल्यावर शहराची जी वाढ दिसेल, तिच्यातील काही वाढ माणसे येण्याने किंवा जन्माने झालेली नसेल, ती केवळ सीमा सरकल्याने झालेली असेल. क्षेत्र तपासल्याशिवाय दोन जनगणनांची तुलना करू नये.

समारोप

जिल्ह्याची सरासरी हा अभ्यासाचा आरंभ आहे, निष्कर्ष नव्हे. भोपाळच्या बाबतीत एम. पी. नगर आणि बेरसिया एकाच आकड्यात बसवले जातात आणि त्या आकड्यात बेरसिया दिसत नाही. आकडा सांगताना तो कोणत्या जमिनीवरचा व किती माणसांचा, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर भूगोल व लोकसंख्याशास्त्र या दोन्ही विषयांचे अध्यापन सार्थकी लागेल.