समजून घ्या : खडकात दडलेला गॅस लहरींवरून कसा ओळखतात?

विसर्जन मिरवणूक बंद खिडकीआडून ऐकली, तर ढोलाचा ठोका पोहोचतो, ताशाची तडतड विरते. भूगर्भातील गॅस शोधताना हाच फरक कामी येतो.

नेमके काय होते?
समुद्रात एअरगनने सोडलेल्या लहरी तळाखालच्या खडकांवरून परततात. वाटेत गॅसने भरलेला सच्छिद्र थर लागला, तर त्यांची ऊर्जा जास्त घटते. उच्च वारंवारता आधी हरवते. ही घट ‘क्यू’ या आकड्याने मोजतात. क्यू कमी, तर घट जास्त.

पुण्याचा संबंध काय?
हा अवाढव्य डेटा हाताळायला महासंगणक लागतो. १९९१मध्ये ‘परम ८०००’ घडवणाऱ्या पुण्यातील सी-डॅकने अशा लहरींवरून भूगर्भाचे चित्र उभे करणारे सॉफ्टवेअरही विकसित केले आहे.

मग लगेच विहीर खोदायची?
नाही. अगदी थोडा गॅसही क्यू घटवतो. पातळ थरांमुळेही तसाच भास होतो. विहीर कोरडी निघाली, तर कोट्यवधी रुपये पाण्यात. म्हणून इतर पुरावे जुळल्यावरच ड्रिलिंग.