नोकरी सोडलीत, पण हक्क रजेचे पैसे घेतलेत का?

कबनूरमधला एक तरुण परवा विहारात भेटला. सूतगिरणीतली तीन वर्षांची नोकरी नुकतीच सोडलेली. हिशोब मिळाला का विचारलं, तर म्हणाला, "पगार दिला, कागदावर सही घेतली." त्याची १४ दिवसांची हक्क रजा शिल्लक होती. तिचेही पैसे मिळतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे दिवाळीला बोनस हाती पडला की 'त्यातच सगळं आलं' असं ऐकवलं जातं. बोनस वेगळा, हक्क रजा वेगळी.

ही कुणा मालकाची मेहरबानी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली. (जयंतीच्या भाषणांत हे क्वचितच येतं.) १९४८च्या कायद्याने कामाच्या दर २० दिवसांमागे १ रजा दिली, अट वर्षात २४० दिवस कामाची. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती अट १८० दिवसांवर आली आहे.

तुम्ही राजीनामा दिला किंवा तुम्हाला काढलं, तरी शिल्लक रजेचा पगार दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी द्यावा लागतो. कामगाराचा मृत्यू झाला तर दोन महिन्यांत वारसाला. वर्ष अर्धवट सोडलं, १८० दिवस भरले नाहीत, तरी झालेल्या कामाच्या प्रमाणात रजा धरली जाते. २८० दिवस भरले तर १४ रजा. रोज ६०० रुपये पडत असेल तर ८,४०० रुपये. घरभाडं आणि किराणा निघतो त्यात.

खरी अडचण यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे. संहिता १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते, म्हणून एकाच छपराखालचे माग कागदावर भावाच्या, बायकोच्या नावाने वेगळे दाखवले जातात. कांडीवाल्या बायकांचं तर हजेरीपटावर नावच नसतं. तेव्हा पुरावा आपणच जपायचा: पीएफचा उतारा, ईएसआयचं कार्ड, पगाराची बँक नोंद, रोजच्या हजेरीची स्वतःची वही.

पैसे नाकारले तर सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. आणि 'सर्व हिशोब मिळाला' असा कागद पुढे आला, तर सहीआधी त्यावर 'हक्क रजेचा पगार बाकी' असं स्वतःच्या हाताने लिहा. त्या तरुणाने ते लिहिलं नव्हतं, म्हणून आता आम्ही त्याच्या बँकेच्या नोंदी काढतोय.