सँटोरिनीची कॅटामरान सफर: नितळ दिसणारं पाणी, न दिसणारी खोली, पैसे भरण्याआधी काय समजून घ्यावं?

मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीला आणि आई-वडील बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याहून त्यांना भेटायला निघालेले, हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. शेंगेन व्हिसा हातात आला की त्याच मुदतीत २९ देश फिरण्याची मुभा असते. त्यामुळे चार दिवस ग्रीसचेही जोडले जातात. ग्रीस म्हटलं की सँटोरिनी बेट आणि सँटोरिनी म्हटलं की कॅटामरानची सफर, असं समीकरणच झालंय.

जाहिरातीतला फोटो ठरलेला असतो. पांढरी शुभ्र नौका, निळं पाणी, मागे कड्यावरची पांढरी घरं. हे सगळं खरंच तसं आहे. मात्र तीन गोष्टी फोटोत दिसत नाहीत: पाण्याची खोली, वाऱ्याचा जोर आणि पाण्यात उतरणाऱ्याला पोहता येतं की नाही. सफर आनंदाची होणार की जिवावर बेतणार, हे या तिन्हींवरच ठरतं.

कॅटामरान म्हणजे नेमकं काय?

दोन सडपातळ होड्या समांतर ठेवून त्यांवर एकच रुंद डेक बांधला, की झाली कॅटामरान. शब्द मूळचा तमिळ. ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडं. तमिळ कोळ्यांचा ओंडके बांधून केलेला तराफा युरोपीय लोकांनी पाहिला, शब्द इंग्रजीत गेला आणि पुढे दोन अंगांच्या नौकेला चिकटला.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर छोट्या होडीला बाजूनं उलांडी बांधलेली असते. होडी कलंडू नये म्हणून हा आधार. कॅटामरानचं तत्त्व तेच: रुंदीतून स्थैर्य. एका अंगाची शिडाची नौका वाऱ्यात बरीच कलते, ही फारशी कलत नाही. म्हणून ज्येष्ठ मंडळी आणि मुलांना ती सोयीची वाटते. पुढच्या बाजूला दोन अंगांमध्ये ताणलेली जाळी असते, तिच्यावर लोक पाय पसरून बसतात.

पण कमी कलते म्हणजे हलतच नाही, असं नव्हे. समोरून लाटा आल्या की कॅटामरान आखूड, झटकेदार हिसके देते. गाडी लागणाऱ्यांना इथंही त्रास होऊ शकतो. मळमळीची गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. गोळी कोणती, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारलेलं बरं, कारण काही गोळ्यांनी झोप येते.

हे बेट की ज्वालामुखीचं तोंड?

सँटोरिनी नकाशावर चंद्रकोरीसारखं दिसतं. त्याचं कारण इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास झालेला प्रचंड ज्वालामुखी उद्रेक. बेटाचा मधला भाग खचला आणि तिथं समुद्र भरला. या खोलगट भागाला काल्डेरा म्हणतात. तो साधारण ११ किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद आहे. भोवतीचे कडे काही ठिकाणी पाण्यापासून ३०० मीटर उंच. खाली पाण्याची खोली जवळपास ३९० मीटरपर्यंत जाते. म्हणजे कडा वर दिसतो तेवढाच, किंबहुना त्याहून जास्त, पाण्याखाली उतरतो.

उद्रेकाच्या राखेत अक्रोतिरी नावाचं कांस्ययुगीन नगर गाडलं गेलं. १९६७ पासून तिथं पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. तिथल्या एका घरात नौकांच्या ताफ्याचं भित्तिचित्र सापडलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीही इथली माणसं बोटीनंच फिरत होती, याचा हा रंगीत पुरावा.

ज्वालामुखी विझलेला नाही. काल्डेराच्या मधोमध पालेआ कामेनी आणि नेआ कामेनी ही दोन काळी बेटं लाव्हारसातूनच वर आली. नेआ कामेनीचा शेवटचा उद्रेक १९५० मधला. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनी आणि अमोर्गोस बेटांच्या दरम्यान हजारो भूकंपाचे हादरे बसले, हजारो लोकांनी बेट सोडलं, आणीबाणी जाहीर झाली. पुढे हादरे ओसरले आणि पर्यटक परतले. तरीही तिकीट काढण्यापूर्वी ताज्या सरकारी सूचना पाहून घेणं शहाणपणाचं.

सफरीचा दिवस कसा जातो?

मोसम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. बहुतेक सफरी पाच तासांच्या असतात: एक सकाळची, दुसरी दुपारी निघून सूर्यास्त दाखवणारी. हॉटेलवरून व्हॅन नेते. नौका बेटाच्या दक्षिणेकडच्या व्लिखादा बंदरातून किंवा उत्तरेला ओइया गावाखालच्या अमूदी धक्क्यावरून सुटते.

दक्षिणेकडून निघाल्यास आधी लाल किनारा लागतो. ज्वालामुखीच्या खडकातल्या लोहामुळे तो लालभडक दिसतो. इथले कडे ठिसूळ आहेत, दरडी कोसळतात. त्यामुळे हा किनारा बोटीतून पाहणंच बरं. त्यापलीकडे पांढरा किनारा. या भागात पाणी तुलनेनं उथळ असल्यानं नांगर टाकता येतो आणि स्नॉर्केलिंगचा थांबा सहसा इथं असतो. अक्रोतिरीच्या टोकावरचं १८९२ चं दीपगृह मागे टाकून नौका काल्डेरात शिरते.

मग येतात पालेआ कामेनीचे ‘गरम झरे’. इथं अनेकांची फसगत होते. वज्रेश्वरी किंवा उन्हवरेसारखं कढत पाणी मनात धरून लोक उडी मारतात. प्रत्यक्षात बोट खाडीच्या तोंडाशी थांबते, उडी समुद्राच्या थंड पाण्यात पडते आणि झऱ्यापर्यंत पोहत जावं लागतं. तिथं पाणी कोमट, तांबूस आणि गढूळ असतं. त्यातल्या लोहाचा डाग फिक्या कपड्यांवरून जात नाही, चांदीचे दागिने काळे पडू शकतात. पोहता न येणाऱ्यानं हा थांबा डेकवरूनच पाहावा. यात कमीपणा काही नाही.

पाणी एवढं नितळ का? आणि मासे कमी का?

मालवणला किंवा गोव्यात ग्रँड बेटाजवळ स्नॉर्केलिंग केलेल्यांना इथला फरक लगेच जाणवतो. आपल्याकडे पाणी हिरवट, कधी गढूळ. इथं मात्र दिवस चांगला असेल तर वीस मीटर खालचा खडकही स्पष्ट दिसतो.

कारण साधं आहे. पूर्व भूमध्य समुद्राच्या पाण्यात पोषक द्रव्यं फार कमी. त्यामुळे सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून पाणी काचेसारखं, आणि म्हणूनच मासेही कमी. अरबी समुद्राला नद्यांचा गाळ आणि पावसाळ्यात खालून वर येणारं खत मिळतं. तिथं पाणी धूसर, पण जीवसृष्टी भरलेली. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळभिंतींसारखं रंगीबेरंगी दृश्य सँटोरिनीत मिळत नाही. दिसतात ते ज्वालामुखीचे काळे-लाल खडक, त्यांतल्या कपारी, छोटे रंगीत मासे, कधी नशिबानं ऑक्टोपस. खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात, म्हणून पायात रबरी बूट हवेत. सुएझ कालव्यामार्गे तांबड्या समुद्रातून आलेला लायनफिशही आता ग्रीसच्या पाण्यात आढळतो. त्याचे काटे विषारी असतात. त्यामुळे कशालाही हात न लावणं हा पहिला नियम. तळाशी जुनं खापर दिसलं तरी उचलू नये. ग्रीसमध्ये पुरातन वस्तू नेणं हा गंभीर गुन्हा आहे.

नितळ पाण्याचा आणखी एक धोका असा, की तळ जवळ वाटतो. मास्कमधून पाहिलं की वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ भासतात. ‘कंबरभर असेल’ म्हणून पाय टेकवायला जावं, तर खाली दोन पुरुष पाणी असतं.

नळीतून श्वास: साधं, पण सवयीचं काम

स्नॉर्केलिंगमध्ये चेहरा पाण्यात, पाठ वर आणि तोंडातल्या नळीतून श्वास. नळी जेमतेम ३०-४० सेंटीमीटरची असते. ‘लांब असती तर आणखी खाली गेलो असतो’ हा विचार चुकीचा. खोलीबरोबर पाण्याचा दाब छातीवर वाढतो आणि फुप्फुसं फुगवणं अशक्य होतं. शिवाय लांब नळीत सोडलेलीच हवा परत आत येते. म्हणून श्वास उथळ, भरभर नको. सावकाश आणि पूर्ण हवा. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारून काढायचं.

मास्क चष्म्यावर बसत नाही. नंबरचा मास्क मिळतो का, हे आधी विचारावं. मिशीखालून पाणी झिरपतं, थोडं व्हॅसलिन लावल्यास कमी होतं. काच धूसर होऊ नये म्हणून आत थुंकी फिरवून धुण्याची जुनी युक्ती आजही चालते. ऊन पाठीवर आणि पोटऱ्यांवर भाजतं, पाण्यात ते कळत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट हा क्रीमपेक्षा भरवशाचा उपाय.

पोहता येत नसेल तर?

सीमाभागातली, माळव्यातली, तेलंगणातली बरीच मंडळी समुद्रापासून लांब वाढलेली. विहिरीत किंवा नदीत पोहलेल्यांनाही खुल्या समुद्राची सवय नसते. पोहता येत नसेल तर बोटीवरच्या कर्मचाऱ्यांना निघतानाच स्पष्ट सांगायला हवं. लाज वाटून गप्प बसणं हीच मोठी चूक. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसलं पाहिजे. हातात धरायच्या फोमच्या नळीवर जीव टाकू नये.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना आवाज फुटत नाही, हात वर करणंही जमत नाही. शेजारच्यांना तो नुसता उभा असल्यासारखा दिसतो. म्हणून जोडीनंच उतरावं आणि जोडीदाराकडे सतत लक्ष ठेवावं. डोक्यावर हात ठेवला तर ‘ठीक आहे’, हात हलवला तर ‘मदत हवी’, अशी खूण आधी ठरवावी.

हृदयविकार, दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. तिकिटात वाइन धरलेली असते, पण ती शेवटचं पोहणं झाल्यावरच. सुरुवातीला वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध पोहावं, म्हणजे दमल्यावर परतताना तोच साथ देतो. इंजिन सुरू असताना शिडीजवळ जाऊ नये.

वारा ठरवेल तेच खरं

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा वाहतो. आकाश निरभ्र, ऊन स्वच्छ आणि तरीही समुद्र खवळलेला, हे त्याचं वैशिष्ट्य. आपल्याकडे वादळ म्हणजे ढग आणि पाऊस. तिथं निळ्या आकाशाखाली सफर रद्द झाली, की प्रवाशांना कंपनी फसवतेय असं वाटतं. पण वारा ठरावीक जोराच्या पुढे गेला की बंदर अधिकारी नौका सोडायला मनाई करतात. कधी सफर रद्द न होता मार्ग बदलतो आणि ज्यासाठी पैसे भरले ते ठिकाण राहून जातं. म्हणून ही सफर मुक्कामाच्या पहिल्या दिवसासाठी ठरवावी. वारा आडवा आला तर पुढचा दिवस हाताशी राहतो.

समुद्राचं पाणी मे महिन्यात १९-२० अंश, ऑगस्टमध्ये २५ च्या आसपास, ऑक्टोबरमध्येही २२ च्या घरात असतं. पोहणं आणि कमी गर्दी दोन्ही हवं असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध सोयीचा.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

इतर प्रवाशांबरोबरच्या सफरीचा दर मोसमानुसार साधारण १०० ते २०० युरो माणशी असतो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर चौघांच्या कुटुंबाला ४० ते ८० हजार रुपये. एवढी रक्कम देताना हे विचारलंच पाहिजे:

- नौकेवर एकूण किती प्रवासी?
- वाऱ्यामुळे सफर रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख? मार्ग बदलला तर?
- मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का?
- पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला पाण्याबाहेर कोण असतं?
- शाकाहारी जेवण वेगळं शिजतं का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण डेकवरच्या एकाच जाळीवर मांस आणि भाज्या भाजल्या जातात. बाकी शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. सँटोरिनीचा प्रसिद्ध ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वरून ऑलिव्ह तेल आणि कांदा. टोमॅटोची भजी आणि सॅलडही असतं.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. त्यात पाण्यातले खेळ धरलेत का, हे पॉलिसीत वाचून घ्यावं. अडचणीत ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो, ग्रीक तटरक्षक दलाचा क्रमांक १०८.

आणि तयारीची सुरुवात घरापासूनच करता येते. जवळच्या जलतरण तलावात महिनाभर पोहणं आणि एखादा रविवार मास्क-नळी लावून तरंगण्याचा सराव. पावसाळा संपल्यावर मालवण किंवा गोव्यात प्रशिक्षकाबरोबर एक फेरी. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर होणारी घाबरगुंडी तिथं, ओळखीच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाजवळ झालेली चांगली. ३९० मीटर खोल काल्डेराच्या काठावर, वारा सुटलेला असताना, ती पहिल्यांदा होऊ नये.