पासिंग संपतं, इंजिन नाही

"पंधरा वर्षं झाली ना भाऊ, मग आता इकून टाक. नाहीतर सरकारच जमा करते."

उमरखेडमध्ये हे वाक्य गॅरेजवर ऐकू येतं, चहाच्या टपरीवर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. गाडी सकाळी पहिल्या चावीला सुरू होते, ऑइल पीत नाही, धूर मारत नाही. तरी चौदावं वर्ष लागलं की घरात चुळबुळ सुरू होते. मग बाहेरगावचा कुणी दलाल येतो, "याचं काही खरं नाही आता" म्हणतो आणि चांगली चालती मारुती किंवा जीप भंगाराच्या भावात उचलून नेतो. तीच गाडी तो पासिंग करून दुसऱ्या तालुक्यात विकतो. हा गैरसमज माणसांच्या खिशातून पैसे काढतो, म्हणून त्याचा राग येतो.

आधी पंधरा हा आकडा कुठून आला ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्याच कलमात पुढे नूतनीकरणाची तरतूद आहे आणि ते एका वेळी ५ वर्षांसाठी मिळतं. म्हणजे पंधराव्या वर्षी कागदाची मुदत संपते, गाडीची नाही. महाराष्ट्रात खासगी मोटारीला वयाची कमाल मर्यादा नाही, पेट्रोललाही नाही आणि डिझेललाही नाही. आपल्या एमएच-२९ च्या गाडीसाठी यवतमाळच्या परिवहन कार्यालयाकडे मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज करायचा. विमा आणि पीयूसी चालू हवं, पर्यावरण कर भरलेला हवा, आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकाला प्रत्यक्ष दाखवावी लागते. खर्च वाढला आहे हे खरं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं गेलं. पण शुल्क वाढणं आणि गाडी बाद होणं यात फरक आहे, आणि तो फरक समजावून सांगताना तोंड दुखतं.

हा गोंधळ का झाला, तेही समजण्यासारखं आहे. चार वेगवेगळ्या बातम्या लोकांच्या डोक्यात एक झाल्या आहेत. दिल्ली आणि आसपासच्या परिसरात दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन चालवायला बंदी आली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. कारण तिथली हवा, आणि तो नियम तिथल्यापुरता. दुसरी बातमी सरकारी गाड्यांची. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची आणि सरकारी महामंडळांच्या बसगाड्यांची नोंदणी पुन्हा होत नाही. तहसीलची जीप उभी राहिली, डेपोतली लालपरी भंगारात निघाली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि आपल्या दारातल्या गाडीचंही तेच होणार असं धरलं. तिसरी बातमी २०२१ च्या भंगार धोरणाची. त्या धोरणाच्या नावातच 'ऐच्छिक' हा शब्द आहे आणि त्याचा आधार वय नसून फिटनेस चाचणी आहे.

चौथी बातमी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या या गाडीत १०८९ सीसीचं इंजिन होतं, आणि त्याचं मूळ १९३७ च्या फियाट ११०० मध्ये आहे. उत्पादन २००१ च्या सुमाराला थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले आणि वाचणाऱ्यांना वाटलं की ती इंजिनं संपली. आता विचार करा: त्याच कारखान्यातली, त्याच इंजिनाची, पण खासगी नंबरपाटीची पद्मिनी त्याच मालकाच्या दारात उभी असती, तर ३० ऑक्टोबरला तिच्यावर काहीच आभाळ कोसळलं नसतं. पिवळं छप्पर असलेली बाद आणि नसलेली चालू, मग यात इंजिनाचा संबंध आला कुठे?

इंजिन मरतं ते तीन गोष्टींनी: धूळ, उष्णता आणि ऑइलची हेळसांड. वर्षं यात फक्त साक्षीला असतात.

आधी धूळ. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यात ऑइलचा काही मायक्रॉनचाच थर असतो. एअर फिल्टर फाटका असेल, किंवा त्याच्या पाइपची क्लिप सैल असेल, तर त्याहून जाड कण आत जातात आणि बोअर घासत राहतात. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे मातीचे रस्ते, ऊसतोडीच्या हंगामात पोफाळीच्या साखर कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात तेव्हा उडणारा फुफाटा, यात फिल्टर पुण्या-मुंबईच्या हिशेबाने बदलून चालत नाही. धुळीच्या रस्त्यासाठी गाडीच्या पुस्तकात फिल्टरची वेगळी, कमी अंतराची सूचना असते. ती वाचायला हवी. फिल्टरवर हवा मारून तोच पुन्हा बसवायची सवय तर सोडायलाच हवी, कारण जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

मग उष्णता. इथे माझा सगळ्यात जुना वाद मिस्त्री मंडळींशी आहे. "आपल्याकडं उन्हाळा कडक, व्हॉल्व्ह काढून टाका, इंजिन थंड राहते," असं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी तो गरम इंजिनात पूर्ण उघडलेलाच असतो, पाण्याला अडवत नाही. तो काढल्याने उन्हाळ्यात फारसा फायदा होत नाही, आणि हिवाळ्याच्या सकाळी मात्र इंजिन बराच वेळ थंड राहतं. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि झीज वाढते. गाडी खरोखर तापत असेल तर रेडिएटर चोंदला आहे का, फॅन वेळेवर लागतो का, झाकणाचं रबर गेलं आहे का, हे बघायचं. बहुतेक वेळा दोष बोअरच्या पाण्याचा असतो. वर्षानुवर्षं ते जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की भांड्याला बसतो तसा क्षार आतल्या नळ्यांना बसतो. कुलंटची बाटली आणि शुद्ध केलेलं पाणी यांचा खर्च हेड गॅसकेटच्या कामापुढे काहीच नाही.

ऑइलबद्दल एकच सांगतो: किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदला. "गाडी चालतेच किती, ऑइल कशाला बदलू?" हा युक्तिवाद उलटा आहे. घर ते बाजार एवढंच चालणारं इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलात शिरलेलं पाणी आणि पेट्रोल वाफ होऊन बाहेर पडत नाही.

"लाखाच्या वर गेली, आता इंजिन खोलावं लागतं" हा या गैरसमजाचाच धाकटा भाऊ आहे, आणि एका काळी तो बराच खरा होता. कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडायचे, ऑइल साधं होतं, पेट्रोलमध्ये शिसं होतं. भारतात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, इंजेक्शनची इंजिनं आली, ऑइलचा दर्जा बदलला. लाखाचा धाक मात्र तसाच राहिला. आपल्याच रस्त्यांवर माणसांनी भरून धावलेली टेम्पो ट्रॅक्स आठवा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, तिच्यात मर्सिडीजच्या परवान्याचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. मर्सिडीज २४० डी मध्ये हेच इंजिन होतं, आणि ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीचालकाची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. हा आकडा सांगणारे पुढचं सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो: त्याच्याकडे तीन इंजिनं होती, आणि ती दुरुस्त करून आळीपाळीने त्याने अकरा वेळा बदलली. एकही इंजिन अमर नव्हतं. तरी सरासरी काढली तर प्रत्येक वेळी बसवलेलं इंजिन जवळपास चार लाख किलोमीटर चाललं.

तेव्हा इंजिन खोलायचं की नाही हे मीटर पाहून ठरवू नका. कॉम्प्रेशन मोजून घ्या; सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असतील तर हात लावायचं कारण नाही. सायलेन्सरचा निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कुलंट आत जातंय. काळा धूर बहुधा फिल्टर, नोझल किंवा पंपाचा दोष असतो, आणि त्यासाठी इंजिन उतरवायला सांगणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नमस्कार करून निघावं.

वयाने खरोखर मरणाऱ्या वस्तू गाडीत आहेत, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. रबराचे होज, ब्रेकचे पाइप, टायर, इंजिनाचे माउंट हे गाडी उभी असली तरी कडक होऊन तडकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. पत्रा तळातून गंजतो, आणि चासी गंजलेली गाडी कितीही गोड इंजिन असलं तरी ठेवू नये, तिथे मी दलालाच्या बाजूने आहे. मारुती ८०० किंवा जुन्या डिझेल इंडिकासारख्या गाड्यांत टायमिंग बेल्ट असतो. तोही वर्षं मोजून बदलायचा असतो. इंडिकात तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

टायमिंगची साखळी असलेल्या इंजिनाला काही बघावं लागत नाही, हेही चूक. स्विफ्ट डिझेलच्या १२४८ सीसी इंजिनात ऑइल वेळेवर न बदलल्याने साखळी सैल झालेल्या गाड्या कुठल्याही मोठ्या गॅरेजला विचारा. डिझेल गाडीचं ऑइल चार दिवसांत काळं पडतं म्हणजे ते भेसळीचं नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. जुन्या इंजिनाला जाड ऑइल घालून धूर दबतो, झीज भरून येत नाही. उभ्या गाडीला रोज पाच मिनिटं सुरू ठेवल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा मुळावा किंवा ढाणकीपर्यंत नेऊन आणा.

आणि इथेनॉल. ऊस पिकवणाऱ्या तालुक्यात याबद्दल दोन टोकं ऐकू येतात: एक म्हणतो ई-२० ने जुनी गाडी खलास होते, दुसरा म्हणतो काहीच होत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच असं म्हटलं आहे की शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींचा ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटतो. कारण साधं आहे, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. इंजिन त्याने फुटत नाही. पण १ एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी घडवलेले नाहीत, आणि इथेनॉल पाणी धरतं. जुन्या पेट्रोल गाडीचे इंधनाचे पाइप, पंपाचा सील आणि कार्ब्युरेटरचं डायफ्राम एकदा नव्या, इथेनॉल चालणाऱ्या रबराचे बसवून घ्या, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल तसंच ठेवू नका. डिझेल गाडीवाल्यांना या वादात पडायचं कारणच नाही, ई-२० हे फक्त पेट्रोलचं मिश्रण आहे.